छपरावरचं सोलर आज 3 किलोवॅट, पुढे 5: मोठा स्ट्रिंग इन्व्हर्टर की मायक्रोइन्व्हर्टर?

स्ट्रिंग इन्व्हर्टर म्हणजे एका ओळीत जोडलेल्या सगळ्या पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा एकच इन्व्हर्टर. तो 5 किलोवॅटचा आत्ताच घेऊन त्यावर 3 किलोवॅटची पॅनेल लावणं स्वस्त पडतं. मेख पुढे आहे. काही वर्षांनी पॅनेलचं तेच मॉडेल मिळेलच असं नाही, आणि एकसर जोडणीत कमी करंटचं पॅनेल बाकीच्यांनाही खाली ओढतं. म्हणून दोन एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे स्वतंत्र इनपुट) असलेलाच इन्व्हर्टर घ्या. नवी पॅनेल दुसऱ्या एमपीपीटीवर जातील. तिथेही किमान व्होल्टेज भरेल इतकी पॅनेल एकदम लागतात, एखाददुसरं लावून भागत नाही.

मायक्रोइन्व्हर्टर म्हणजे प्रत्येक पॅनेलखाली बसणारा छोटा इन्व्हर्टर; त्याला ही कटकट नाही. एकेक पॅनेल वाढवा. खर्च जास्त, आणि एखादा बिघडला की छपरावर चढणं आलंच. छपरावर सावली पडत नसेल तर मी स्ट्रिंगच निवडेन. मुख्य वायर मात्र दोन्हींत आजच 5 किलोवॅटच्या हिशोबाने टाका.