हायकू बीटा ५ : सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय निघाला की आधी मेमरीचा आकडा पुढे येतो. ३२-बिट आवृत्तीला ३८४ एमबी रॅम पुरते, पेंटियम २ वरही ती उठते, डिस्कवर ३ जीबी जागा असली तरी भागते. सगळे खरे आहे. पण सात महिने रोज वापरल्यावर सांगायचे तर हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. ६४-बिटवर रिकामा डेस्कटॉप अर्ध्या जीबीच्या आत राहतो, पण ब्राउझर उघडून चार टॅब लावले की ही बचत कुठल्या कुठे जाते, कारण आजकालची वेबपाने कुठल्याही प्रणालीवर तेवढीच खादाड असतात. हायकू ठेवावी ती दोन गोष्टींसाठी. एक, फाइलला माहिती चिकटवून ती क्षणात शोधण्याची सोय. दुसरी, बिघडलेले अपडेट बूट मेनूतून मागे घेण्याची सोय. आणि यंत्राचे हार्डवेअर जुळत नसेल तर तिच्या नादी लागू नये.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात: हे लिनक्स नव्हे. कर्नल (प्रणालीचा गाभा), विंडो सर्व्हर (पडद्यावर खिडक्या काढणारा भाग), फाइल सिस्टिम सगळे स्वतःचे. बीओएस ही प्रणाली २००१ मध्ये बंद पडली, त्याच वर्षी ओपनबीओएस नावाने ती नव्याने लिहायला सुरुवात झाली आणि २००४ मध्ये नाव बदलून हायकू झाले. जुन्या बीओएसचा ब्राउझर चुकीचे संदेश हायकू कवितेत द्यायचा, त्यावरून हे नाव. बीटा ४ डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि बीटा ५ १३ सप्टेंबर २०२४ ला. मुक्त परवाना एमआयटीचा.

बसवणे : पहिला अडथळा इथेच

एनीबूट प्रतिमा, म्हणजे हायकू बसवण्यासाठी मिळणारी फाइल, पेनड्राइव्हवर नुसती फाइल म्हणून कॉपी करायची नाही. डीडी या आज्ञेने किंवा प्रतिमा लिहिणाऱ्या एखाद्या साधनाने थेट उतरवायची. ४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला लोडर अडवणारी यंत्राची सोय, बंद करावीच लागते, कारण हायकूच्या लोडरवर (प्रणाली उठवणाऱ्या प्रोग्रॅमवर) सही नसते. उठल्यावर ‘ट्राय हायकू’ निवडून आधी डेस्कटॉपवर जा आणि वाय-फाय, आवाज, पडद्याचे रिझोल्यूशन तपासा. इथे जे चालले नाही ते बसवल्यावरही आपोआप चालणार नाही.

यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली बूट व्यवस्था) असलेल्या यंत्रावर नवशिक्याची हमखास फसगत होते ती अशी: इन्स्टॉलर ‘पूर्ण झाले’ म्हणतो, यंत्र पुन्हा सुरू केले की काळा पडदा. कारण इन्स्टॉलर फक्त हायकूचे पार्टिशन भरतो. बूट लोडर ईएफआय पार्टिशनवर ठेवायचे काम हाताने करावे लागते. रिकाम्या डिस्कवर क्रम असा: ड्राइव्हसेटअप या डिस्क विभागण्याच्या प्रोग्रॅममध्ये जीपीटी प्रकारचा पार्टिशन नकाशा टाका, ३२ एमबीचे ‘ईएफआय सिस्टिम डेटा’ पार्टिशन करून ते फॅट या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करा, उरलेली जागा ‘बी फाइल सिस्टिम’ला (बीएफएस) द्या. इन्स्टॉलर चालवा. मग पेनड्राइव्हवरचे ‘हायकू ईएसपी’ नावाचे छोटे पार्टिशन माउंट करून त्यातला ईएफआय फोल्डर जसाच्या तसा नव्या ईएफआय पार्टिशनवर ओढा. डिस्कवर दुसरी प्रणाली आधीपासून असेल तर मात्र हा फोल्डर डोळे मिटून ओढू नका. ‘बूट’ या उपफोल्डरमधला तिचा लोडर पुसला जाऊ शकतो. हायकूच्या नावाचा वेगळा उपफोल्डर करून त्यात लोडर ठेवा आणि रीफाइंडसारख्या बूट मॅनेजरकडून तो उठवा. जुन्या बायोस यंत्रावर एवढा व्याप नाही. इन्स्टॉलरच्या टूल्स मेनूतून बूट सेक्टर लिहा आणि पार्टिशन ॲक्टिव्ह करा.

फॉरमॅट करताना ब्लॉकचा आकार २०४८ राहू द्या. लहान गुणधर्म, म्हणजे फाइलला चिकटवलेली माहिती, फाइलच्या आयनोडच्याच (फाइलच्या मूळ नोंदीच्याच) ब्लॉकमध्ये मावतात. शोध चपळ वाटतो त्यामागे हेही एक कारण आहे. ‘क्वेरी सपोर्ट’ची खूण काढू नका. ती काढली की त्या पार्टिशनवर शोधसूची बनतच नाही. प्रोग्रॅम कंपाइल करायला वेगळे पार्टिशन ठेवणार असाल तर तिथे ती काढलेली बरी, कारण हजारो फाइल्स करताना-पुसताना सूचीचा भार वाचतो.

बूट अडकले तर पडद्यावरची सात चित्रे बघा. शोभेची वाटतात, पण एकेक चित्र म्हणजे एकेक टप्पा. अणूचे चित्र: कर्नलचे मॉड्यूल. भिंगासकट डिस्क: मूळ फाइल सिस्टिम. कार्ड: डिव्हाइस मॅनेजर. मग बूट डिस्क, चिप, फोल्डर आणि शेवटी रॉकेट. चौथ्यावर थांबले तर बूटचे पार्टिशन सापडलेले नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून बघा, बायोसमध्ये साटा (डिस्कची जोडणी) एएचसीआय या पद्धतीवर आहे का ते पाहा. तिसऱ्यावर थांबले तर एखादे हार्डवेअर आडवे आले आहे. रॉकेट पेटले आणि पुढे काळोख, तर बहुतेक वेळा ग्राफिक्स. अशा वेळी बूट मेनूतून फेल-सेफ व्हिडिओ मोड निवडा. हा मेनू बायोस यंत्रावर शिफ्ट दाबून धरल्यावर येतो, यूईएफआयवर सुरुवातीलाच स्पेसबार टपटप दाबत राहावे लागते. फेल-सेफ मोडमध्ये चालले तर तो दोषी ड्रायव्हर ‘सिस्टिम’मधल्या ‘सेटिंग्ज’ फोल्डरच्या ‘पॅकेजेस’ नावाच्या फाइलमध्ये नोंदवून कायमचा अडवता येतो.

बीटा ४ वरून येणाऱ्यांनी नव्याने बसवायची गरज नाही. सॉफ्टवेअर रिपॉझिटरीचे पत्ते आवृत्तीनुसार वेगळे असतात, म्हणून हायकू (मूळ प्रणाली) आणि हायकूपोर्ट्स (बाकीचे प्रोग्रॅम) या दोन्हींचे पत्ते बीटा ५ चे करा आणि टर्मिनलमध्ये ‘पीकेजीमॅन फुल-सिंक’ चालवा. दोनांपैकी एकच बदलला तर अवलंबित्वांचा गुंता होतो आणि तो सोडवण्यात संध्याकाळ जाते.

बीटा ५ मध्ये काय जाणवते

नेटवर्कचा वेग. टीसीपीच्या कोडवर बरेच काम झाले आहे आणि मोठी फाइल उतरवताना फरक कळतो. फॅटचा ड्रायव्हर बदलून फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीतल्यावर आधारलेला आला आहे. टन/टॅप (आभासी नेटवर्क जोडणी) आल्यामुळे ओपनव्हीपीएनची वाट मोकळी झाली. अपिअरन्स या सेटिंगमध्ये एकदोन रंग निवडले की बाकीचे त्यांवरून ठरतात, त्यामुळे गडद रंगसंगती दोन मिनिटांत लागते. पूर्वी एकेक रंग हाताने बदलत बसावे लागे. शॉर्टकट मूळचे अल्टवर असतात, म्हणजे कॉपीला अल्ट-सी. हात कंट्रोलला सरावले असतील तर कीमॅप या कीबोर्डच्या सेटिंगमधले एक बटण दाबून ते विंडोज/लिनक्ससारखे करा, उगाच बोटांशी भांडू नका. विंडोजची कळ दाबून एका खिडकीचा पिवळा टॅब दुसरीच्या टॅबवर ओढला की दोन्ही एकाच चौकटीत रचल्या जातात, कडेला ओढला की शेजारी चिकटतात. वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या खिडक्या अशा एकत्र बांधता येतात, हे इतरत्र क्वचितच सापडते.

फाइलचे गुणधर्म

हायकूत ईमेल म्हणजे एक फाइल, ओळखीची व्यक्ती म्हणजे एक फाइल, वेबपॉझिटिव्ह या ब्राउझरचे बुकमार्कसुद्धा फाइलच. पाठवणारा, विषय, पत्ता हे फाइलला चिकटलेले गुणधर्म, आणि ट्रॅकर हा फाइल व्यवस्थापक ते स्तंभांत दाखवतो. पण खरी मजा स्वतःचे गुणधर्म जोडण्यात आहे.

उदाहरण घ्या, पीडीएफ बिलांचे. फाइलटाइप्स या सेटिंगमध्ये पीडीएफ हा प्रकार उघडा आणि त्यात ‘रक्कम’ हा पूर्णांक आणि ‘विक्रेता’ ही स्ट्रिंग असे दोन गुणधर्म जोडा. दोन्ही दिसणारे आणि संपादन करता येणारे ठेवा. दाखवायचे नाव काहीही द्या, आतले नाव मात्र साध्या रोमन अक्षरांत ठेवा. इथे थांबून आधी टर्मिनलमध्ये ‘एमकेइंडेक्स’ने दोन्ही गुणधर्मांची शोधसूची बनवा आणि रकमेचा प्रकार तिथेही पूर्णांकच सांगा. त्यानंतरच फाइल्समध्ये किमती भरा. ट्रॅकरच्या यादीतल्या स्तंभात क्लिक करून एकेक भरता येतात, ढीग असेल तर ‘ॲडॲटर’ आज्ञेने.

हा क्रम उलटा झाला की ‘शोध चालत नाही’ ही नेहमीची तक्रार येते. सूची बनण्याआधी भरलेले गुणधर्म सूचीत येत नाहीत. फाइलवर किंमत दिसते, शोधात फाइल नाही. उपाय ‘रीइंडेक्स’: तो प्रत्येक फाइलचा गुणधर्म पुन्हा लिहितो आणि मग तो सूचीत जातो. दुसरे कारण प्रकारातली गल्लत: सूची पूर्णांकाची आणि ‘ॲडॲटर’ने लिहिलेली किंमत स्ट्रिंग, तर सूची तिला घेत नाही. ‘एलएसइंडेक्स’ चालवून प्रकार पडताळा. तिसरे, सूची त्या-त्या पार्टिशनपुरती असते. दुसऱ्या डिस्कवर बिले ठेवलीत तर तिथे वेगळी सूची.

एवढे जमले की अल्ट-एफ दाबून ‘रक्कम ५००० पेक्षा जास्त आणि विक्रेता अमुक’ अशी क्वेरी जतन करा. ती फोल्डरसारखी उघडते आणि जिवंत असते. खिडकी उघडी असताना दुसरीकडे एखाद्या बिलाची रक्कम ४००० ची ६००० केली की ते बिल डोळ्यांदेखत यादीत येते. जतन करताना ‘टेम्पररी’ची खूण काढायला विसरू नका, नाहीतर सात दिवसांनी क्वेरी आपोआप पुसली जाते आणि ती कुणी पुसली ते लक्षातही येत नाही. फॅट पेनड्राइव्हवर फाइल नेली की सगळे गुणधर्म गळतात, फाइलचा मजकूर तेवढा उरतो. म्हणून बॅकअप दुसऱ्या बीएफएस डिस्कवर घ्या, नाहीतर हायकूतच झिप करा. हायकूची झिप गुणधर्म सोबत ठेवते आणि हायकूतच उघडली तर ते परत मिळतात.

पॅकेजेस

प्रोग्रॅम बसवणे म्हणजे फायली सगळीकडे विखुरणे नव्हे. पॅकेजची एकच फाइल ‘सिस्टिम’च्या ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि ती तिथल्या तिथे माउंट होते. काढली की प्रोग्रॅम गेला, मागे अवशेष नाही. दर बदलावेळी आधीची स्थिती ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ फोल्डरमध्ये तारीखवेळेसह जपली जाते. अपडेटनंतर डेस्कटॉप येईनासा झाला तर बूट मेनूत बूट व्हॉल्यूमखाली या तारखा दिसतात, कालची निवडायची आणि उठायचे. निवड त्या एका बूटपुरती असते, घरचा फोल्डर जसाच्या तसा राहतो. मात्र या जुन्या स्थिती आपोआप साफ होत नाहीत. लहान पार्टिशनवर काही महिन्यांत जागा कुठे गेली असा प्रश्न पडला तर आधी तिथे बघा आणि शेवटच्या दोनतीन सोडून बाकीच्या पुसा.

हायकूडेपो या प्रोग्रॅम मिळण्याच्या ठिकाणी लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप आहेत. क्यूटी या प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनसंचावर बनलेले प्रोग्रॅम पोर्ट करणे सोपे असल्याने ते भरपूर. जीटीके या दुसऱ्या संचावरचे एक्सलाइब या मधल्या थरावरून चालतात, चालतात ठीक पण थोडे परके वाटतात. ब्राउझर म्हणून वेबपॉझिटिव्ह हलका आणि अनेक साइटींवर तोकडा. रोजच्या कामाला फाल्कन बरा.

जे नाही ते नाही

ग्राफिक्स कार्डाचे थ्रीडी प्रवेगन नाही, सगळे चित्रण प्रोसेसर करतो. व्हिडिओचे डिकोडिंगही त्याच्याच डोक्यावर, त्यामुळे जुन्या दोन कोअरच्या यंत्रावर जास्त रिझोल्यूशनचा व्हिडिओ अडखळणार. स्लीप नाही. झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत टाकलात तर तो आत तापत चालू राहील. म्हणून पूर्ण बंदच करा, एवीतेवी एसएसडीवर बूट व्हायला पंधराएक सेकंदच लागतात. वाय-फायचे ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून आलेले आहेत आणि इंटेलची कार्डे सहसा निमूट चालतात. जुन्या ब्रॉडकॉमला फर्मवेअर वेगळे उतरवावे लागते, म्हणजे आधी केबलने इंटरनेट हवे. प्रणाली एका वापरकर्त्याची आहे, लॉगिन नाही आणि प्रत्येक प्रोग्रॅमला पूर्ण अधिकार. अनेकांचा हात लागणाऱ्या यंत्रावर ती ठेवू नये.

आणि आपल्या लिपीचे. हायकूचा विंडो सर्व्हर एका वर्णाला एक आकृती या हिशोबाने अक्षरे काढतो, जुळणी करत नाही. त्यामुळे मूळ प्रोग्रॅममध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही, दोष फॉन्टचा नाही. क्यूटीचे प्रोग्रॅम आणि लिब्रेऑफिस जुळणी स्वतः करतात, तिथे मराठी नीट दिसते. पंचाईत ही की हायकूतली सर्वांत कामाची गोष्ट, ट्रॅकरमधले गुणधर्मांचे स्तंभ, नेमकी मूळ प्रोग्रॅममध्येच आहे. मजकूर आत शाबूत असतो, शोधही बरोबर लागतो, तीच फाइल दुसऱ्या प्रणालीवर उघडली तर नाव सुरेख दिसते. हे सुधारत नाही तोवर विक्रेत्याचे नाव रोमन अक्षरांत लिहा आणि मराठी ठेवा दस्तऐवजाच्या आत.