तालुक्याची जिम लावू का गावच्या ग्राउंडवरचे सर? दोन्ही करून पाहिलंय म्हणून सांगते

परवा नणंदेचा फोन आला, वहिनी मी तालुक्याची जिम लावू का तुमच्या गावात ग्राउंडवर सर व्यायाम शिकवतात तसं कोणी शोधू, अन् गावातल्या आणखी दोघी-तिघी हेच विचारून राहिल्या म्हणून एकदाच लिहून टाकते. मी जिम चार महिने केली, ग्राउंडला दोन वर्षं झाली. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं, कापूस-सोयाबीनवालं.

आधी एक, वावरात राबतो तर व्यायाम काऊन पाहिजे असं मी पण म्हणायची. पण निंदनात दिवसभर कंबर वाकलेलीच, फवारणीला सोळा लिटरचा पंप पाठीवर, त्याने अंग दुखते, दम काही वाढत नाही अन् खांदे तर आखडूनच जातात.

जिम आमच्यापासून बारा किलोमीटर, फी महिन्याला ७०० होती अन् पेट्रोल वेगळं. मशीनं चांगली होती, अन् वजन मोजून वाढवायला जिमसारखं दुसरं काही नाही, आज पाच किलो उचललं अन् महिन्याने साडेसात, समोर दिसते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा कूलरसमोर व्यायाम होते हे पण खरं. पण पहिल्याच दिवशी मला लेग प्रेसवर, म्हणजे पायाने वजन ढकलायच्या मशीनवर बसवलं, गुडघा दुखते का, बीपी आहे का, कोणी एका शब्दाने विचारलं नाही, मग आठ दिवस जिना चढताना रडू यायचं. अन् बायकांची वेळ दुपारी तीन ते पाच, कापूस वेचायच्या दिवसात ती वेळ कोणाला जमते सांगा.

आता ग्राउंड. आमचे सर सकाळी साडेपाचला शाळेच्या मैदानावर येतात, सामान म्हणजे दोन जुने टायर, रेतीच्या गोण्या, दोरी अन् पत्त्यांचा कॅट. हो, पत्ते! इस्पिक निघालं की उठबशा, बदाम निघालं की जोर, चौकटला दोरीच्या उड्या, किलवरला गोणी खांद्यावर घेऊन चालायचं, पानावर जेवढा आकडा तेवढ्या वेळा, अन् राजा निघाला की सगळे पिंपळापर्यंत पळत. पुढचं पान कोणतं याची इतकी उत्सुकता राहते की साठ-सत्तर उठबशा कधी झाल्या ते समजतच नाही. कधी गावच्या रस्त्यावर नेतात, एका लाईटच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळा, तिथून पुढच्यापर्यंत चाला, या पद्धतीला फार्टलेक म्हणतात, १९३० च्या दशकात स्वीडनमधून आली अन् शब्दाचा अर्थच वेगाचा खेळ असा आहे. खोखो तर आहेच, दर वेळी बसल्या जागेवरून उसळून उठायचं म्हणजे मांड्यांचा पुरा व्यायाम.

मला सरांचं सगळ्यात आवडते ते हे की खेळ एकच असते पण प्रत्येकाचा वेगळा. माझ्या सासूबाई त्याच खांबांमध्ये नुसत्या झपझप चालतात, मी हळू पळते, अन् पुतण्या पोलीस भरतीची तयारी करून राहिला तो गोणी घेऊन पळते. मला सांगून ठेवलंय, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे, तेवढाच दम लागू दे. गुडघ्यासाठी दोन महिने उड्या बंद, त्याऐवजी पायरी चढ-उतार. अन् दर रविवारी वहीत लिहितात कोणी किती केलं, म्हणून खेळ असला तरी मागच्या आठवड्यापेक्षा एक जास्त करायची जिद्द येतेच.

कमी कुठे पडते तेही सांगते. जुलैत काळी माती अशी चिकटते की चपलेला किलोभर चिखल, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात जेवढं होईल तेवढंच. अन् गोणीने ताकद येते पण एका मर्यादेपर्यंत, ज्याला खरंच अंग कमवायचं त्याने जिमच लावावी.

भरतीवाल्या पोट्ट्यांचं गणित वेगळं. तिथे १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ अन् गोळाफेकीला १५ असे ५० मार्क, मुलींना ८०० मीटर. पाया ग्राउंडवर पक्का होते, पण शेवटचे तीन महिने रोज स्टॉपवॉच लावून पळवणारा अन् ७.२६० किलोचा खरा गोळा हातात देणारा माणूस पाहिजेच, पुतण्याला आम्ही त्यासाठीच अकॅडमीत पाठवून राहिलो.

लहान मुलांना मात्र जिमच्या नादाला लावूच नका. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज ६० मिनिटं हालचाल सांगते, मोठ्यांना आठवड्याला १५० मिनिटं अन् दोन दिवस ताकदीचा व्यायाम, तर मुलांची ६० मिनिटं लगोरी-लंगडी-खोखोत हसत निघून जातात. माझी पोरगी सकाळी मला उठवते आता.

मोबाईलवरचे व्हिडिओ पण केले मी पंधरा दिवस. चुकलं तर सांगणारं कोणी नाही, सोडून दिले.

सर शोधायचे असतील तर जाऊन एक दिवस नुसतं बघा. सगळ्यात मागे राहणाऱ्या माणसाला ते काय देतात ते बघा, त्याला बाजूला बसवत असतील तर परत या. दुखणंखुपणं विचारलं नाही तर परत या. नुसतीच मजा अन् महिनाभर तेच ते, तरी नको. अन् जिम लावा का ग्राउंड, पैसे एकाच महिन्याचे भरा, वर्षाची स्कीम घेऊ नका, सोयाबीनची सोंगणी लागली की महिनाभर कोणाचंच जाणं होत नाही.