हेल्पडेस्क घेण्याआधी त्याचं घड्याळ तपासा

हेल्पडेस्क म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटर-नेटवर्कच्या तक्रारी ‘टिकीट’ म्हणून नोंदवून सोडवण्याचं सॉफ्टवेअर: सर्व्हिसनाऊ, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट, फ्रेशसर्व्हिस, मॅनेजइंजिनचं सर्व्हिसडेस्क प्लस आणि फुकटात मिळणारं जीएलपीआय. या पाचांच्या वैशिष्ट्यांचा तक्ता केला तर फुली शोधावी लागते. इन्सिडंट (बिघाड), प्रॉब्लेम (त्यामागचं मूळ कारण), चेंज (यंत्रणेतल्या बदलांचं नियोजन), नॉलेज बेस (उपायांचा संग्रह), एसएलए (किती वेळात काम करायचं याचं वचन) सगळ्यांकडे आहे, आणि डेमोत तर सगळंच पळतं. खरा फरक कळतो तो एसएलएचं घड्याळ कधी थांबतं, मेलचं उत्तर कुठे जाऊन पडतं आणि लायसन्ससाठी डोकी कोणाची मोजतात यावरून. ट्रायलचे दिवस यातच घालवावेत, डॅशबोर्डचे रंग नंतरही बदलता येतात.

एसएलएसाठी एकच टिकीट पुरतं. कामाची वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९.३० ते संध्याकाळी ६.३० ठेवा. ‘उच्च’ प्राधान्याला मुदत द्या कामाच्या ८ तासांची. शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता टिकीट टाका. त्या दिवशी दीड तास जातो, उरलेले साडेसहा तास सोमवारी दुपारी ४ वाजता संपतात. मुदत शनिवारी पहाटे १ ची दिसत असेल तर कामाच्या वेळांचं कॅलेंडर जोडलेलंच नाही. मग सोमवारी ११ वाजता टिकीट ‘वापरकर्त्याच्या उत्तराची वाट’ या स्थितीत टाका आणि १ वाजता वापरकर्त्याच्या मेलवरून उत्तर पाठवा. मुदत आपोआप ६ वर सरकली आणि स्थितीही बदलली, तर हे सॉफ्टवेअर पुढच्या फेरीत.

इथे जिरा सर्वांत लवचिक आहे आणि सर्वांत जास्त पायात पाय घालणारंही. घड्याळ सुरू, थांबा आणि बंद या तिन्ही अटी स्वतः ठरवता येतात. कोणत्या टिकिटाला किती मुदत, ही उद्दिष्टांची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते, त्यामुळे सर्वसाधारण अट चुकून वर गेली की खालच्या खास अटी मेल्याच. दुसरी गोम टिकीट पुन्हा उघडण्यात आहे. सोडवण्याच्या मुदतीचं घड्याळ सहसा ‘रिझोल्यूशन’ हे फील्ड भरलं की बंद होतं. पुन्हा उघडण्याच्या पायरीत ते फील्ड रिकामं करणारी कृती जोडली नाही, तर टिकीट उघडं दिसतं आणि रिपोर्टमध्ये मात्र सुटलेलं. महिन्याअखेरीस आकडे छान येतात, पण टीमला फोन थांबत नाहीत. तिसरी अडचण तयार वर्कफ्लो, म्हणजे टिकिटाच्या स्थितींचा ठरलेला क्रम, बदलल्यावर येते. ग्राहकाची कॉमेंट आली की टिकीट परत सपोर्टकडे वळवणारा ऑटोमेशन नियम जुन्या स्थितींच्या नावांवर बसलेला असतो. नावं बदलली, नियम तसाच राहिला, की घड्याळ थांबतं ते थांबतंच.

फ्रेशसर्व्हिस आणि सर्व्हिसडेस्क प्लसमध्ये हेच काम प्रत्येक स्थितीपुढच्या एका सेटिंगने होतं: या स्थितीत टायमर चालू की बंद. हात बांधलेले राहतात, पण चुकायलाही जागा कमी. अनेक ठिकाणी कार्यालयं असतील तर सर्व्हिसडेस्क प्लस उजवं ठरतं, कारण कामाच्या वेळा आणि सुट्ट्या प्रत्येक साइटला वेगळ्या लावता येतात. जीएलपीआयमध्ये टिकीट हाती घेण्याची आणि सोडवण्याची मुदत वेगवेगळी ठेवता येते. कॅलेंडर निवडायचं राहिलं तर मात्र ते रात्रंदिवस मोजतं.

आता मेल. पाच मेल पाठवून पाहा: साधं उत्तर, विषयाची ओळ बदलून दिलेलं उत्तर, सीसीमधल्या तिसऱ्याच माणसाचं उत्तर, सुट्टीवर असल्याचा स्वयंचलित मेल, आणि सहीत कंपनीचा लोगो असलेला मेल. विषयातला टिकीट क्रमांकच पाहणारं सॉफ्टवेअर दुसऱ्या मेलला नवं टिकीट उघडतं. मेल हेडरमधले (मेलसोबत जाणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या माहितीतले) ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ वाचणारं ते जुन्याच टिकिटाला जोडतं. चौथा मेल सर्वांत घातक. स्वयंचलित उत्तर ओळखणारं ‘ऑटो-सबमिटेड’ हेडर तपासलं जात नसेल, तर हेल्पडेस्कची पोच आणि सुट्टीचा मेल एकमेकांना उत्तरं देत बसतात आणि सकाळी शेकडो टिकिटं उभी असतात. पाचव्या मेलने फक्त कचरा होतो: प्रत्येक उत्तरामागे लोगोची एक अटॅचमेंट.

मेलबॉक्स एक्स्चेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या मेल सेवेवर असेल तर नुसत्या पासवर्डने मेल खेचणं विसरा. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून ती पद्धत बंद करायला घेतली. आता ओऑथ लागतं, म्हणजे पासवर्ड न देता ॲपला परवानगी देण्याची पद्धत. क्लाउडवरच्या सेवांमध्ये ते दोन-चार क्लिकचं काम आहे, जीएलपीआयला त्यासाठी वेगळं प्लगिन बसवावं लागतं. त्यासाठी स्वतः नोंदवलेल्या ॲपच्या क्लायंट सीक्रेटला, म्हणजे ॲपची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्लीला, मुदत असते. ती संपली की मेल गुपचूप यायचे बंद होतात आणि टिकिटं कमी झाली म्हणून सगळे खूश असतात. मुदतीच्या महिनाभर आधीचं एक आवर्ती टिकीट हेल्पडेस्कमध्येच लावून ठेवा.

जीएलपीआयची आणखी एक खोड बसवताना ध्यानात येत नाही. मेल खेचणं, सूचना पाठवणं, मुदतीचे इशारे देणं ही कामं ‘स्वयंचलित क्रियां’तून होतात, आणि त्यांचा एक मोड असा आहे की कोणी ब्राउझरमध्ये पान उघडलं तरच त्या चालतात. दिवसा सगळं सुरळीत, रात्री सामसूम, सकाळी पहिला माणूस लॉगिन झाला की सूचनांचा लोंढा. उपाय सोपा: सर्व्हरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) ‘फ्रंट’ फोल्डरमधली क्रॉनची पीएचपी फाइल दर मिनिटाला चालवायची आणि क्रियांचा मोड सीएलआय (कमांड लाइन) करायचा. हे वाक्य वाचून कपाळावर आठी पडली असेल तर जीएलपीआय तुमच्यासाठी नाही. लिनक्स हाताळणारा एक माणूस असेल तर मात्र छोट्या टीमला यासारखं दुसरं नाही. १० व्या आवृत्तीपासून यंत्रांची इन्व्हेंटरी त्यातच आहे, यंत्रावर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला की रॅम, डिस्क, सॉफ्टवेअर यांची नोंद आपोआप येते. ओएसटिकेट आणि झमाड हीही मुक्त सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण ती टिकीट हाताळणारी. चेंज आणि सीएमडीबी (यंत्रं आणि त्यांचे परस्परसंबंध यांची नोंदवही) हवं असेल तर तिकडे वळू नका.

लायसन्सकडे वळताना आधी डोकी मोजा. टिकीट टाकणाऱ्याचे पैसे यातलं कोणीच घेत नाही, फुकटचं जीएलपीआय सोडलं तर टिकिटावर काम करणाऱ्याचे घेतात. घोळ मधल्या लोकांचा होतो: महिन्यातून दोनदा टिकीट बघणारा नेटवर्कवाला, मंजुरी देणारा व्यवस्थापक. जिरामध्ये मंजुरी देणारा पोर्टलवरचा साधा ग्राहक असला तरी चालतो. फ्रेशसर्व्हिसमध्ये अधूनमधून येणाऱ्या एजंटसाठी (टिकिटावर काम करणाऱ्या माणसासाठी) दिवसाचा पास मिळतो. सर्व्हिसडेस्क प्लस तंत्रज्ञांवर पैसे घेतं, आणि ॲसेट (कंपनीची यंत्रं) व्यवस्थापन असलेल्या आवृत्त्यांत ॲसेटची संख्याही धरतं. सगळं नोंदवायच्या उत्साहाआधी त्यात काय काय मोजतात ते पाहा. प्रॉब्लेम आणि चेंज वरच्या प्लॅनमध्येच मिळतात, हे फ्रेशसर्व्हिसलाही लागू आहे. पैसे वाचवायला चौघांत एक लॉगिन वापरलं की बदल कोणी केला हे कायमचं पुसलं जातं. ऑडिटमध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

सर्व्हिसनाऊबद्दल थोडक्यात. ताकद निर्विवाद, पण त्याची देखभाल हेच एक पूर्णवेळ पद आहे. वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात. मूळ स्क्रिप्टमध्ये हात घातला असेल तर अपग्रेड त्या नोंदी वगळून पुढे जातं, आणि प्रत्येक वगळलेली नोंद माणसाने पाहून ठेवायची की सोडायची ते ठरवावं लागतं. दहा-पंधरा एजंटच्या टीमने हा हत्ती पोसू नये.

स्वतःच्या सर्व्हरवर सर्व्हिसडेस्क प्लस चालवणाऱ्यांनी अपग्रेड टाळणं ही न परवडणारी चैन समजावी. २०२१ मध्ये त्यात लॉगिनशिवाय सर्व्हरवर कोड चालवू देणारी त्रुटी सापडली होती आणि हल्लेखोरांनी ती वापरलीही. बिल्ड (आवृत्ती क्रमांक) ११३०६ मध्ये दुरुस्ती होती, पण मागे राहिलेल्यांना मधल्या बिल्डची शिडी चढावी लागते: सर्व्हिस बंद, बॅकअप, पॅच, सर्व्हिस सुरू, पुन्हा तेच. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिल्याशिवाय पहिली पायरी चढू नका.

ट्रायल संपायच्या आत एक उलटी चाचणीही करा. अटॅचमेंट असलेली ५० टिकिटं बाहेर काढा. सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) बहुधा विषय, तारखा आणि स्थिती येतात. मधलं संभाषण आणि फाइली हव्या असतील तर एपीआयला (प्रोग्रॅमने थेट माहिती मागवण्याच्या वाटेला) हात घालावा लागतो, आणि तिथे दर मिनिटाला किती विनंत्या चालतील यावर मर्यादा असू शकते. मर्यादा मिनिटाला १०० असेल आणि एका टिकिटामागे तपशील, संभाषण, फाइल अशा ३ विनंत्या लागत असतील, तर एक लाख टिकिटांना ३,००० मिनिटं लागतात. म्हणजे सलग दोन दिवस दोन तास, तेही मध्ये काही तुटलं नाही तर.