निक्सी घड्याळाचा संच: उजेड देखणा, बाजू उघड्या

सहा आयएन-12 नळ्यांचा, घरी जोडायचा निक्सी घड्याळाचा संच मी गेल्या महिन्यात साडेनऊ हजार रुपयांना मागवला. निक्सी म्हणजे निऑन वायू भरलेली काचेची नळी; तिच्यात आकड्यांच्या आकाराच्या तारा असतात आणि हवा तो आकडा उजळतो. सोव्हिएत काळातल्या या नळ्यांमध्ये 2 चा आकडा उलटा लावून 5 चे काम भागवलेले आहे, आणि निऑनच्या केशरी उजेडात ती काटकसरही गोड दिसते. सोल्डरिंग दोन संध्याकाळींत उरकले. तक्रार आहे ती सुरक्षिततेबद्दल, आणि ती किरकोळ नाही.

अडॅप्टर 12 व्होल्टचा असल्यामुळे यात शॉक कसला बसणार, असे वाटते; परंतु निक्सी पेटवायला सुमारे 170 व्होल्ट लागतात आणि ते निर्माण करणारे सर्किट त्याच पीसीबीवर (सुटे भाग जोडलेल्या पाटीवर) आहे. एक नळी जेमतेम अडीच मिलिअँपिअर घेते हे खरे, मात्र सहा नळ्यांना पुरणारे सर्किट एका हातातून शिरून छातीमार्गे दुसऱ्या हाताकडे जाणारा धोकादायक प्रवाहही पुरवू शकते. वेळ लावण्याची बटणे नेमकी याच भागाला खेटून आहेत, आणि वेळ लावायची तर घड्याळ चालू असावेच लागते. वर-खाली ॲक्रिलिक, चारही बाजू मोकळ्या.

मला शॉक बसला तो मात्र अडॅप्टर काढल्यानंतर. नळ्या विझल्या म्हणून लगेच पीसीबी उचलली आणि बोटे 4.7 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, टोकांवर पडली. मीटर लावल्यावर उलगडा झाला: व्होल्टेज सव्वाशेच्या आसपास उतरले की निऑन विझतो, आणि तो विझल्यावर उरलेला चार्ज व्होल्टेज मोजणाऱ्या दीडएक मेगाओहमच्या रेझिस्टरांमधूनच (प्रवाहाला अडवणाऱ्या भागांमधूनच) सावकाश झिरपतो. अंधारलेली नळी ही सुरक्षिततेची खूण नव्हेच. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, 220 किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आणून कपॅसिटरला समांतर जोडला, तेव्हा तोच चार्ज दोन सेकंदांत 30 व्होल्टच्या खाली येऊ लागला. हा क्षुल्लक किमतीचा भाग संचात नव्हता आणि माहितीपत्रकात त्याबद्दल अवाक्षरही नाही.

एक श्रेय द्यायलाच हवे. घरगुती वीज ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट डायोडमधून घेतलेल्या घड्याळांमध्ये व्होल्टेज 325 पर्यंत चढते आणि बटणांपर्यंतची प्रत्येक तार मेन्सशी जोडलेली राहते. तो जीवघेणा प्रकार येथे टाळला आहे. चहूबाजूंनी बंद पेटी करून, बटणे तारांनी बाहेर काढण्याची तयारी असेल, तरच हा संच घ्यावा. पाचपैकी तीन तारे, तेही नळ्यांसाठी.