चार स्पेस म्हणजे शुद्ध रे: एनव्हीडीए लावून व्हीएस कोड

शाळेत आम्हाला पेटी शिकवायचे. अंध मुलांच्या शाळेत पेटी, खुर्च्या विणणं आणि पुढे जमलंच तर टेलिफोन ऑपरेटर, असा रस्ता जवळजवळ ठरलेलाच होता. त्या पेटीचा पुढे पायथॉन या भाषेत प्रोग्रॅम लिहायला उपयोग होईल, असं कुणी सांगितलं असतं तर आमचे गुरुजीसुद्धा हसले असते. आता सात वर्षं पुण्यात बॅकएंडचं काम करतोय. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा. दोन्ही फुकट. त्या जोडीबद्दल लिहितोय, कारण नव्याने कोडिंग शिकणारी आमची मुलं फोन करून हेच विचारतात.

आधी एनव्हीडीए. मायकल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी तो घडवला. २००६ साली सुरुवात झाली. स्वतःला लागणारी वस्तू स्वतः बनवली की बारकावे कसे येतात, ते इंडेंटेशनच्या, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या जागेच्या बाबतीत कळतं. पायथॉनमधली ओळ किती आत सरकली आहे, ते डोळस माणसाला दिसतं. मी सुरुवातीला ते एनव्हीडीएकडून बोलून घ्यायचो. ‘आठ स्पेस’, मग ओळ. ‘बारा स्पेस’, मग ओळ. वीस ओळींनंतर डोक्यात कोड उरायचा नाही, पाढे उरायचे.

मग सेटिंग्जमध्ये, डॉक्युमेंट फॉरमॅटिंगखाली, इंडेंटेशन सुरांनी ऐकायची सोय सापडली. एकेका स्पेसला पाव स्वर चढतो. चार स्पेसला एक अख्खा स्वर. कडेला चिकटलेली ओळ सा धरली, तर फंक्शनच्या आतली रे, त्यातल्या इफमधली ग, आणखी आत फॉर असेल तर तीव्र म. तीव्र मच्या वर जायला लागलो की थांबतो. ते फंक्शन फोडायची वेळ झालेली असते. आणि मध्येच शुद्ध म ऐकू आला, तर कुणीतरी दहा स्पेस मारून ठेवल्यात. सहकाऱ्याच्या कोडमधला असा बेसूर मला त्याच्याआधी सापडतो, याचा आनंद मी लपवत नाही. एकच खोच: टॅबलाही चार स्पेसएवढाच चढ मिळतो, त्यामुळे दोन्हींची भेसळ झाली तर नुसत्या सुरावरून कळत नाही. म्हणून मी ‘बोलणं आणि सूर दोन्ही’ हा पर्याय ठेवलाय.

आता व्हीएस कोड. स्क्रीन रीडर चालू असला तर तो ओळखतो आणि त्याप्रमाणे वागायला लागतो. मला सगळ्यात आवडलेली कळ म्हणजे ऑल्ट-एफ१. एडिटरमध्ये दाबली तर एडिटरची मदत, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दाबली तर टर्मिनलची. तुम्ही जिथे उभे आहात तिथलंच सांगतो, गावभरचं नाही. ऑल्ट-एफ२ दाबलं की हॉवरमधला (डोळसांना माउस नेल्यावर दिसणारा) मजकूर किंवा टर्मिनलचं आउटपुट साध्या मजकुरासारखं उघडतं. बाणाने एकेक ओळ, एकेक अक्षर वाचता येतं. एफ८ पुढच्या एररवर नेतो. दोन आवृत्त्यांमधला फरक पाहताना एफ७ दाबलं की बदललेल्या ओळी एकामागून एक ऐकता येतात. पुल रिक्वेस्ट, म्हणजे सहकाऱ्याने मंजुरीला पाठवलेले बदल, तपासायला पूर्वी शेजारच्याला बोलवावं लागायचं, ते थांबलं.

आणि छोटे आवाज. ओळीवर एरर असेल तर एक, ब्रेकपॉइंटला (प्रोग्रॅम मुद्दाम थांबवायच्या जागेला) वेगळा, घडी घातलेल्या भागाला आणखी वेगळा. ‘लिस्ट सिग्नल साउंड्स’ ही कमांड चालवा. यादीत बाण खाली नेला की तो तो आवाज वाजतो. पहिल्या दिवशी अर्धा तास एवढंच करा. वाक्याला दोन सेकंद लागतात, टिचकीला काहीच लागत नाही. कानाला एका वेळी एकच गोष्ट ऐकता येते, त्यामुळे आमच्यासाठी किती कमी बोलतो यावरच सॉफ्टवेअरची परीक्षा. इथे जास्तीच्या सूचना एकेक करून बंद करता येतात. टाइप करताना वर येणाऱ्या सूचना मी बंदच ठेवल्यात. हव्या तेव्हा कंट्रोल-स्पेसने बोलावतो. मिनिमॅप काय असतो, ते मला आजतागायत कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. काही अडलंही नाही.

हे सगळं नवीन आहे असं मात्र समजू नका. पुण्यात जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले टी. व्ही. रामन या अंध संशोधकांनी १९९५ मध्येच ईमॅक्स या जुन्या एडिटरला बोलकं करणारं ईमॅक्सपीक आणलं. त्यात कॉमेंट, स्ट्रिंग, कीवर्ड वेगवेगळ्या आवाजात ऐकू येतात. डोळसांना रंग, आपल्याला आवाज. व्हीएस कोडमध्ये मला ते अजूनही हवंय. पण ईमॅक्स शिकायला जेवढा धीर लागतो तेवढा माझ्यात नाही, हेही खरं.

रडगाणं एक्स्टेन्शनांचं, म्हणजे एडिटरला वरून जोडायच्या जादा सोयींचं. एडिटर कितीही चांगला असो, वर बसवलेलं एक्स्टेन्शन कुणी लिहिलंय त्यावर सगळं. डेटाबेस पाहायचं एक मी टाकलं, त्याच्या पॅनेलमध्ये टॅब मारत गेलो: ‘बटन. बटन. बटन.’ नाव एकालाही नाही. चौथं बटन टेबल पुसण्याचं नव्हतं, हे नशीब. तेव्हापासून क्वेऱ्या टर्मिनलमधूनच चालवतो.

आणि नोकरीच्या ऑनलाइन परीक्षा. एका कंपनीच्या परीक्षेत कोड लिहायची चौकट होती, पण एनव्हीडीए तिथे फक्त ‘ब्लँक’ म्हणायचा. लिहिलेलं वाचता येईना. पंचेचाळीस मिनिटांतली वीस त्यात गेली. शेवटी फोन करून म्हटलं, “मॅडम, प्रश्न मेलवर पाठवा, मी माझ्या एडिटरमध्ये लिहून फाइल देतो. स्क्रीन शेअर करतो, हवं तर.” त्या तयार झाल्या. स्क्रीन शेअर केली आणि पाच मिनिटांनी त्यांचाच आवाज आला, “तुमची स्क्रीन काळी दिसतेय.” एनव्हीडीएचा स्क्रीन कर्टन, म्हणजे इतरांना दिसू नये म्हणून पडदा काळा करायची सोय, चालू राहिला होता.

या जोडीला पाचपैकी सव्वाचार. पाऊण गुण आवाजांच्या रंगांसाठी राखून ठेवलाय. लॅपटॉपवर ऑल्ट-एफ१ लागत नसेल तर सोबत एफएन दाबून पाहा, आणि हेडफोन एकाच कानाला लावा; दुसरा मीटिंगला लागतो.