ओपन-इअर घ्यावेत की कानात घट्ट बसणारे? आधी दिवसातला गोंगाट बघा

ओपन-इअर इअरबड्स, म्हणजे कानाचं भोक बंद न करणारे, घ्यावेत का, असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा व्यायामाबद्दल बोलत असतो. सकाळी चालायला जातो, मधूनमधून पळतो, जिम लावलीय, वगैरे. मी त्याला उलट विचारतो, बाकीच्या दिवसात कुठे बसून ऐकतोस? व्यायामाला हे बड्स चांगले, यावर फारसा वाद नाही. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात ते संध्याकाळच्या लोकलमध्ये.

बाजारात सगळ्यालाच ‘ओपन’ म्हणतात, म्हणून आधी जाती वेगळ्या करू. एक, कानावर हुक अडकवून स्पीकर कानाच्या भोकासमोर ठेवणारे: शॉक्झचे ओपनफिट, नथिंगचे इअर ओपन. दोन, कानाच्या कडेला चिमट्यासारखे बसणारे: बोस अल्ट्रा ओपन, हुआवेचे फ्रीक्लिप. तीन, बोन कंडक्शनवाले, उदाहरणार्थ शॉक्झ ओपनरन. ते कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतात आणि आवाज कंपनाने आत पोचवतात. दोन्ही बाजू मानेमागून जाणाऱ्या पट्टीने जोडलेल्या असतात. या सगळ्यांसमोर उभे आहेत सिलिकॉनच्या टिपा लावून कानाचं भोक बंद करणारे नेहमीचे बड्स. एअरपॉड्स ४ मधेच कुठेतरी येतात. त्यांना टिप नाही, पण ते कानात बसतात.

रस्त्यावर पळणाऱ्याला घट्ट बड्सचा पहिला त्रास आवाजाच्या दर्जाचा नसतो. भोक बंद झालं की आपल्याच शरीरातून येणारा खालच्या पट्टीतला आवाज आत अडकतो. प्रत्येक पाऊल कानात ‘धप्प’ वाजतं, श्वास मोठा ऐकू येतो, पाणी पिताना घोटही. ट्रान्सपरन्सी मोड (बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय) लावला तर मागून येणारी रिक्षा ऐकू येते खरी, पण ती मायक्रोफोनमधून. वारा सुटला की मायक्रोफोनमध्ये घोंगावतो आणि धप्पधप्पही पूर्ण जात नाही. उघड्या कानाला यातलं काहीच नाही. शेजारी पळणाऱ्याशी बोलता येतं, कुत्रा भुंकला तर कोणत्या बाजूने ते कळतं. आपल्याकडे फूटपाथ मधेच संपतो आणि माणूस रस्त्यावर उतरतो, त्यामुळे ही गोष्ट चैनीची नाही.

दुसरं कारण पावसाळ्यात कळतं. घामेजलेल्या कानात तासभर सिलिकॉनचं बूच म्हणजे आत ऊब आणि ओल दोन्ही. दमट हवेत कानाला बुरशी धरणं हे कान-नाक-घसावाल्यांचं नेहमीचं काम आहे. ज्यांना कानात खाज येण्याचा, मळ साठण्याचा किंवा कान फुटण्याचा इतिहास आहे, त्यांनी व्यायामापुरते तरी उघड्या कानाचे घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उणी बाजू. स्पीकर आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवाबंद जागा नसली की बेस टिकत नाही, खालचे स्वर बाहेर विरून जातात. कंपन्या मोठे ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, घालून भरपाई करतात आणि चांगल्या हुकवाल्यांत ती बऱ्यापैकी जमतेही, पण ढोल-ताशाचा दणका पोटात जाणवायला हवा असेल तर तो इथे मिळणार नाही. बोन कंडक्शनमध्ये बेस आणखी कमी, आणि आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात. भाषणं, पॉडकास्ट, नाट्यसंगीत, बातम्या मात्र तिन्ही जातींत छान वाजतात. शब्द ऐकणाऱ्याचं या बड्सवर नुकसान होत नाही.

खरी अडचण गोंगाटाची. पंख्याची घरघर, खिडक्यांची खडखड, चालू रस्ता, या सगळ्याच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून हात आपोआप आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा सुरक्षित ऐकण्याचा हिशोब असा: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला जेमतेम ५. रोज दोन्ही वेळा तासभर लोकल करणारा माणूस ओपन-इअर लावून ते ५ तास तिसऱ्या दिवशीच संपवू शकतो. ‘कान उघडा, म्हणून कानाला सुरक्षित’ ही जाहिरातीतली गोष्ट शांत बागेत खरी आहे, डब्यात नाही. तिथे नॉइज कॅन्सलेशनचे (बाहेरचा गोंगाट दाबणारे) घट्ट बड्स कमी आवाजात भागवतात, आणि कानाला तेच बरे. बोन कंडक्शनवाल्यांकडे एक गंमतशीर पळवाट आहे. कानात फोमचे प्लग घातले की बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि आतला बेस वाढतो. दिसायला विचित्र, पण चालतं. अर्थात मग कान उघडा राहिला कुठे?

ऑफिसात आणि घरी गणित पुन्हा फिरतं. मीटिंगमध्ये आपला आवाज आपल्याला नैसर्गिक ऐकू येतो, दारावरची बेल आणि कुकरच्या शिट्ट्या चुकत नाहीत. दिवसभर घालूनही कान दुखत नाही, हा तर मोठा फायदा. फक्त आवाज थोडा बाहेर गळतो. शेजारच्या टेबलापर्यंत शब्द सहसा पोचत नाहीत, पण रात्री खोली निःशब्द असेल तर पलीकडे झोपलेल्याला कुजबुज ऐकू येते. शिवाय मानेमागची पट्टी असेल तर उशीवर डोकं टेकत नाही.

चष्मा असेल तर हुकची आणि चष्म्याच्या काडीची कानामागे जागेवरून भांडणं होतात. त्यांना चिमटेवाले बरे. बुगडी घालणाऱ्यांनी मात्र चिमटा आधी लावून बघावा, दोन्हींना कानाची कडच हवी असते.

पाण्याबद्दल थोडक्यात. पाणी-धूळ रोखण्याचं आयपी मानांकन बोस अल्ट्रा ओपनला आयपीएक्स४ आहे, नथिंग इअर ओपनला आयपी५४, ओपनरनला आयपी६७. घामाला आणि भुरभुर पावसाला पहिले दोन पुरतात. रोज घामाने निथळणाऱ्याने तिसऱ्याकडे बघावं. ओले बड्स केसमध्ये टाकू नयेत, चार्जिंगचे पिन घामाच्या क्षारांनी खराब होतात. पोहताना यातलं काहीच उपयोगाचं नाही, कारण ब्लूटूथचा सिग्नल पाण्यात काही इंचांतच मरतो. त्यासाठी गाणी आतच साठवणारे शॉक्झचे ओपनस्विम वेगळे मिळतात.

किमतीकडे या. इअर ओपन २०२४ मध्ये भारतात आले ते १७,९९९ रुपयांना, तर एअरपॉड्स ४ त्याच वर्षी १२,९०० पासून. देशी कंपन्यांचे ओपन-इअर याच्या कितीतरी खाली मिळतात. माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याने स्वस्तातलाच घ्यावा. उघड्या कानाने ऐकणं तुम्हाला पटतं का, हे त्यावर कळेल. दर्जाचं नंतर बघू. घट्ट बड्सच्या बाबतीत मात्र मी उलटं सांगेन, कारण स्वस्तातलं नॉइज कॅन्सलेशन बरेचदा खोक्यावरच जास्त असतं.

एकच जोडी घ्यायची आहे आणि रोज लोकल, बस किंवा मेट्रो आहे? मग टिपवाले, ट्रान्सपरन्सी मोड असलेले घ्या आणि पळताना ती धप्पधप्प सोसा. काम घरून, चालणं सकाळी बागेत, ऐकणं मुख्यतः बोलण्याचं, तर हुकवाले ओपन-इअर बेधडक घ्या. घरात जुने घट्ट बड्स आधीच पडले असतील तर प्रश्नच मिटला: प्रवासाला ते, बाकीला हे. पहाटे अंधारात हायवेच्या कडेने सराव करणाऱ्याने बोन कंडक्शनशिवाय दुसरं बघू नये. पट्टीमुळे ते पडत नाहीत आणि कानाच्या भोकासमोर काही येतच नाही.

दुकानात बघताना शोरूमच्या एसीत गाणं लावून भुलू नका. बड्स लावून दाराबाहेर रस्त्याकडेला उभे राहा, निम्म्या आवाजात कुणाचं तरी बोलणं लावा. शब्द कळत असतील तर घ्या. मग मान जोरात हलवा, दोन उड्या मारा. विक्रेता हसेल, हसू द्या.