स्पेशल एलीट: फुकटचा फॉन्ट आणि कॉफीतले दोन ‘ई’

रेडियम कटिंगवाल्याशी वाजलं, म्हणून हे लिहायला बसलोय. एका कॅफेच्या काचेवर लावायचं इंग्रजी नाव स्पेशल एलीटमध्ये करून दिलं होतं. या फॉन्टच्या काठांना शाई फुटल्यासारखे बारीक दाते आहेत. मशीनने ते इमानेइतबारे कापले. मग सुईच्या टोकाने एकेक कण उपसत बसायचं. उपसताना एका अक्षराची शेपटीच निघून आली. ‘साहेब, हे अक्षर आहे का वाळवी लागलेली चौकट?’ असं म्हणून त्याने दीडपट मजुरी लावली. दिली, पण जिवावर आलं.

फॉन्ट तसा माझ्या आवडीचा. ब्रायन बोनिस्लॉस्की यांच्या अ‍ॅस्टिग्मॅटिक या फॉन्ट कंपनीचा, स्मिथ-कोरोना आणि रेमिंग्टन नॉइजलेस या अमेरिकी टाइपरायटरांच्या छापावरून बेतलेला. गूगल फॉन्ट्सवर मिळतो, लायसन्स अपाची, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या छापील कामालाही बिनघोर चालतो. फुकट ते पौष्टिक! गेल्या पावसाळ्यापासून मेनूकार्ड, मसाल्याची लेबलं, पत्रिकांची पाकिटं, जिथे जमेल तिथे लावला. तपकिरी क्राफ्ट कागदावर काळ्या शाईत तर फारच खुलतो. अक्षरांची जाडी एकच, रेग्युलर. बोल्डचं बटण दाबलंत तर सॉफ्टवेअर स्वतःच्या अकलेने अक्षर फुगवतं आणि दात्यांचा चिखल होतो. ते बटण विसरा.

आता माझं खरं दुखणं. इंग्रजीत कॉफी लिहून बघा. शेवटी दोन ‘ई’ शेजारी शेजारी. पहिल्या ‘ई’ला जिथे ओरखडा, तिथेच दुसऱ्यालाही. त्याआधीचे दोन ‘एफ’ही तसेच जुळे. परिच्छेदात हे खपून जातं, पण मेनूच्या मथळ्यात बोटभर उंचीचे दोन ‘ई’ एकाच जागी खरवडलेले दिसले की सोंग उघडं पडतं. लोकांना दिसत नाही म्हणे. मला दिसतं, आणि एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही. कॅफेच्या मेनूत कॉफी हा शब्द किती वेळा येतो, ते तुम्हीच मोजा.

ही तक्रार मी आमच्या वाड्यातल्या काकांपुढे मांडली. त्यांची उभी हयात कोर्टाबाहेर टाइपरायटरवर अ‍ॅफिडेव्हिट करण्यात गेली. ते म्हणाले, ‘अरे, मशीनचा ई तुटका असेल तर तो दर वेळी तुटकाच उमटणार. बदलतं काय? रिबिनीची शाई आणि बोटाचा जोर.’ इथे माझी निम्मी तक्रार गळाली. अमेरिकेत परराष्ट्र खात्यातले माजी अधिकारी अ‍ॅल्जर हिस यांच्यावरचा खटला अशाच अक्षरांच्या खोडींवर चालला होता. कुठली कागदपत्रं त्यांच्या घरच्या वुडस्टॉक यंत्रावर टाइप झाली, हे अक्षरं ताडून बघितलं गेलं आणि 1950 मध्ये खोट्या साक्षीबद्दल ते दोषी ठरले. म्हणजे त्याच जागी तोच ओरखडा, हे खऱ्या यंत्राचंच लक्षण. उरलेली निम्मी तक्रार कायम आहे. यंत्रावर एक ‘ई’ गडद आणि दुसरा फिका उमटला असता, एखादा केसभर वर चढला असता. इथे दोन्ही एकाच उंचीवर, सारख्याच काळ्या रंगात.

यावर पैशाचा उपाय आहे. एरिक व्हॅन ब्लॉकलँड यांच्या 1991 च्या ट्रिक्सी या टाइपरायटरी फॉन्टची पुढची आवृत्ती एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं आलटून पालटून टाकते. मी ती घेतलेली नाही. मेनूकार्डाच्या मजुरीत फॉन्ट विकत घ्यायचा, तर घरी काय न्यायचं? माझा उपाय फुकटचा आणि कटकटीचा. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू मारून मथळ्याचे कर्व्ह्ज, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, करायचे, दुसरा ‘ई’ किंचित फिरवायचा, केसभर खाली ओढायचा आणि रंग काळ्याऐवजी 85 टक्के करायचा. लगेच जीव येतो. पण कर्व्ह्ज केल्यावर मजकूर बदलता येत नाही. आणि पदार्थांची नावं बदलायची हौस कॅफेवाल्याला फार.

बारीक मजकुरासाठी आता कुरिअर प्राइमवर आलोय, तोही फुकट. त्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. यंत्राची गाडी दर ठोक्याला तेवढीच सरकायची, म्हणून ‘आय’ला रुंद पाय आणि ‘एम’ची घुसमट. काठ स्वच्छ, त्यामुळे रेडियमलाही तोच. स्पेशल एलीट फक्त मथळ्याला आणि फक्त छपाईला.

पाटीचं मात्र अडलंय. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यात छोट्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. स्पेशल एलीटमध्ये देवनागरी नाही. मराठी टाइप केलं की सिस्टिम आपला गुळगुळीत फॉन्ट घुसवते. वर चकचकीत मराठी, खाली कळकट इंग्रजी, एकाच पाटीवर दोन दुकानं. काकांकडच्या जुन्या दाव्यांची कार्बन कॉपी मागून आणली आहे. तुटलेली शिरोरेषा, अर्ध्या अक्षराला नंतर जोडलेला काना, जरा बाजूला पडलेली मात्रा, सगळं त्यात आहे. हवी ती अक्षरं स्कॅन करून कोरलमध्ये ट्रेस करतोय. कॅफेवाल्याला याचे पैसे वेगळे सांगितलेत. तो म्हणतो, फॉन्ट तर फुकट आहे ना?